नापातला किल्ला, माळकरी आण्णा आणि थुंकायची बादली

बागवाला | २८ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आई-आण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, कॅलिफोर्नियात आलेत. आण्णा तासगाव तालुक्यातले, पस्तीस वर्षं द्राक्षबाग केली. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. ऑफिसातला एकजण म्हणाला, आईवडिलांना नापाला, इथल्या वाइनच्या खोऱ्यात ने, तिथे इटालियन किल्ल्यासारखी वायनरी आहे. मी मनात म्हटलं, माळकरी माणसाला दारूच्या कारखान्यात न्यायचं म्हणजे जोडे खायची तयारी हवी. तरी भीतभीत विचारलं. आण्णा म्हणाले, "बाग हाय न्हवं तिथं? मग चल की."

कास्तेलो दि अमोरोसा असं नाव. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने दीड-पावणेदोन तास. सेंट हेलेना गाव मागे टाकून २९ नंबरच्या रस्त्याने कॅलिस्टोगाकडे निघालं की डाव्या हाताच्या टेकडीवर बुरूज दिसायला लागतात. खाली द्राक्षांच्या ओळी, वर दगडी तट. पहिल्यांदा बघणारा फसतोच. आईने हात जोडले. तिला वाटलं, वर देऊळ असणार.

प्रत्यक्षात हा किल्ला माझ्या धाकट्या चुलतभावापेक्षाही लहान. दारिओ सात्तुई नावाच्या माणसाने १९९३ साली ही १७१ एकर जागा घेतली आणि २००७ साली किल्ला लोकांना खुला केला. मधली सगळी वर्षं बांधकाम. त्याच्या पणजोबांनी, वित्तोरिओ सात्तुईंनी, १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत वाइनचा धंदा काढला होता. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि धंदा बसला. पणतवाने सत्तरच्या दशकात सेंट हेलेनाला तो पुन्हा उभा केला, त्यात पैसा मिळवला आणि मग डोक्यात टस्कनीतल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या किल्ल्यांचं खूळ घेतलं. आधी बेत लहानशाच वायनरीचा होता. वाढत वाढत १०७ खोल्या, आठ मजले (त्यातले चार जमिनीखाली) आणि १,२१,००० चौरस फूट झालं. आमच्याकडे शेतातलं घर बांधायला काढलं की 'एक खोली आणखी काढून घेऊ' म्हणत म्हणत जे होतं, तेच. फक्त पैसा डॉलरमधला.

खंदक, त्यावरचा उचलता पूल, लोखंडी खिळे ठोकलेलं दार, आत फरसबंद चौक. एक छोटं चर्च. भिंतींवर चित्रं काढलेलं मोठं दालन. खाली तळघरात विटांच्या कमानींखाली ओकची पिंपं ओळीने मांडलेली. तिथे पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो, आणि वास... आई म्हणाली, "भिजल्या लाकडाचा नि आंबल्या गुळाचा." मला याहून चांगलं वर्णन सुचत नाही. छळाची खोली पण आहे, तिच्यात माणसाला उभं कोंडायची काटेरी लोखंडी पेटी. आई तिथून लगेच बाहेर आली आणि दाराजवळच्या शेळ्या-मेंढ्या बघत बसली. पूर्ण सहलीत तिला तेच सगळ्यात आवडलं.

चव घ्यायच्या टेबलावर मी आणि बायको. आण्णा शेजारी उभे, हात मागे बांधून. टेबलावर एक भांडं ठेवलेलं. आण्णांनी विचारलं, हे कशाला. म्हटलं, घोट तोंडात घोळवायचा आणि नको असेल तर यात थुंकायचा. आण्णांनी एकदा भांड्याकडे बघितलं, एकदा किमतीच्या पाटीकडे. "थुकायचीच हाय तर पैसं कशापायी घेत्यात?"

मग त्यांना धीर निघेना, मला ओढत खाली बागेत घेऊन गेले. कापणीचे दिवस होते. कडेच्या ओळीखाली एक घड पडलेला होता. त्यातला एक मणी त्यांनी उचलला, बोटात चिरडला, अंगठा नि तर्जनी दोनतीनदा चिकटवून सोडवली आणि म्हणाले, "चोवीस-पंचवीस टक्के शुगर हाय बघ. आपल्याकडं अठराला काढतोय आपण." तेवढ्यात तिथला माणूस आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी आण्णांचा अंदाज त्याला इंग्रजीत सांगितला. तो हसला आणि म्हणाला, बरोबर आहे. आण्णांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी माझ्या पदवीदान समारंभातही बघितला नव्हता.

बाकी प्रतिसादांत. फोटो चढवता येईनात, कोणी मदत करा.


गडफिरस्ता | २८ सप्टेंबर, रात्री ११:५५

आण्णांना दंडवत. लेख छान. पण खरं सांगू का? राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड असलेल्या मातीतून जाऊन पैसे मोजून नकली किल्ला बघायचा, हे काही पचलं नाही. २००७ सालचा किल्ला म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयाची कमान मोठी करून बांधली, इतकंच. तोफ लागली नाही, वेढा पडला नाही, कोणी उपाशी राहिलं नाही. किल्ला कशाला म्हणायचं?

बरं, फोटो मी शोधून बघितले. दरवाजा पुलावरून थेट समोर! आपल्याकडे रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असतो, शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. इथे हत्ती सोडा, चार बैल धावत आले तरी दार गेलं.


ओली_सुपारी | २९ सप्टेंबर, सकाळी ७:०२

>> तिला वाटलं, वर देऊळ असणार

=)) =)) काकूंना साष्टांग.

थुंकायच्या बादलीवर तर वेगळा धागा हवा. आमच्या पुण्यात ही सोय रस्त्यावर मोफत आहे.


विटकरी | २९ सप्टेंबर, सकाळी ८:३०

गडफिरस्ता, थोडी असहमती. मी वास्तुरचनेतला माणूस, पाच वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलोय. 'नकली' म्हणजे काय, ते आधी ठरवू.

मंगल कार्यालयाची कमान म्हणजे आत लोखंडी सांगाडा, वर प्लास्टर, त्यावर दगडाच्या रेघा. इथे तसं नाही. जवळजवळ ८,००० टन दगड हातानं घडवून लावलाय. युरोपातल्या पाडलेल्या जुन्या इमारतींमधल्या लाखो विटा जहाजाने आणल्यात. तळघरातल्या कमानींसाठी ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ ग्रुबर नावाचा जाणकार होता. जुन्या वीटकामातला हा माणूस. वर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचं जे छत दिसतं, त्यात दोन कमानी जिथे भेटतात त्या धारेवरची वीट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात तासावी लागते. मी तिथे मान वर करून इतका वेळ उभा होतो की बायको पुढे जाऊन परत आली. धार एका रेषेत, कुठे गिलावा लपवायला वापरलेला नाही. असं काम करणारे गवंडी आज शोधूनही मिळत नाहीत. वास्तू नवी आहे, कसब जुनं आहे. कसब नकली कसं म्हणणार?

मला खटकलं ते वेगळंच. किल्ला शेकडो वर्षं जगल्यासारखा वाटावा म्हणून एक बुरूज मुद्दाम पडका बांधलाय, काही दारं बांधून मग चिणल्यासारखी केलीयत. हे मात्र नाटक. दगड खरा लावायचा आणि त्याला खोटी गोष्ट सांगायला लावायची.


गडफिरस्ता | २९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

पडका बुरूज *बांधलाय*?? आमचे खरे बुरूज पडतायत, त्यांना चुना लावायला निधी नाही, आणि हे पैसे घालून पडके करतायत. बास. माझा दिवस बनला.

(कमानींचा मुद्दा मान्य. तेवढ्यासाठी जाईन.)


बखरवाचक | २९ सप्टेंबर, सकाळी ११:४०

छळखोलीतल्या काटेरी पेटीबद्दल. तिला 'आयर्न मेडन' म्हणतात, लोखंडी कुमारी. गंमत अशी की मध्ययुगात ती वापरल्याचा विश्वासार्ह पुरावाच नाही. योहान फिलिप झीबेनकेस नावाच्या जर्मन लेखकाने १७९३ साली न्यूरेंबर्गची एक गोष्ट छापली, की १५१५ साली एका नाणी पाडणाऱ्या भामट्याला अशा पेटीत मारलं. तिथून ही कथा पसरली. एकोणिसाव्या शतकात सुट्या भागांच्या जोडणीतून पेट्या तयार झाल्या आणि संग्रहालयांत गेल्या. मध्ययुग किती रानटी होतं हे दाखवायची त्या काळात सगळ्यांना फार हौस होती.

म्हणजे विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या 'मध्ययुगीन' किल्ल्यात मागाहून पसरलेल्या कथेतलं 'मध्ययुगीन' यंत्र. जोडी जमली म्हणायची.

छळ मध्ययुगात नव्हताच, असं म्हणत नाहीये. दोरी, चक्र, पाणी यांनी भरपूर व्हायचा. फक्त या पेटीचं नाव उगाच घेऊ नका.


फ्रीमाँटची माई | २९ सप्टेंबर, रात्री १०:०५ (इथली वेळ)

बागवाला, छान लिहिलंयस रे. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा एका टूरवाल्याच्या बसने. नाव घेत नाही. त्याने चार ठिकाणं एका दिवसात कोंबली आणि किल्ल्यावर पोचलो तेव्हा आमची वेळ टळून गेली होती. उन्हात उभं राहून बाहेरून फोटो काढले आणि परत. दुसऱ्यांदा मुलीने आधी वेळ ठरवून गाडीने नेलं. ज्यांना जायचंय त्यांनी तसंच करा, एका दिवशी दोनच ठिकाणं धरा. आणि गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, हे लिहायला नको, तरी लिहिते. आमच्या मंडळातल्या दिवाळीच्या आधी सगळेच पुरुष 'मी फक्त चव घेतो' म्हणतात.

एक सांगते. त्यांची वाइन दुकानात शोधू नका. ते थेट विकतात, तिथे जाऊन किंवा घरपोच मागवून.

२०२० च्या सप्टेंबरअखेर ग्लास फायर नावाचा वणवा आला होता, तो आम्ही टीव्हीवर बघत होतो. किल्ल्याशेजारची एक इमारत जळली. वरून शेतघरासारखी दिसायची, पण आत बाटल्यांचा साठा होता. लाखाच्या वर बाटल्या गेल्या. किल्ला मात्र उभा राहिला, आग दगडाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबली. तर गडफिरस्ता, तुमच्या हिशोबाने एक वेढा पडलाय बरं का त्याला.


गडफिरस्ता | ३० सप्टेंबर, सकाळी ६:५०

माई, हा वेढा मी मोजतो. :)


चौथा कोपरा | ३० सप्टेंबर, सकाळी १०:२०

सगळं खरं, पण धागाकर्त्याचे आण्णा आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवतात आणि तिथे दारूची. शेतकऱ्याच्या नजरेने फरक काय? तेच सगळ्यात इंटरेस्टिंग आहे आणि तेच दोन ओळींत गुंडाळलंय. किल्ला सोडा, बाग सांगा.


बागवाला | ३० सप्टेंबर, रात्री ११:३०

चौथा कोपरा, तुमचा प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवला. ते सोफ्यावर सरसावून बसले. खालचं बरंचसं त्यांचंच आहे, मी फक्त टंकलेखक.

पहिली गोष्ट, मणी. आपल्याकडे मणी जाड आणि लांब व्हावा म्हणून घडाची विरळणी करतो, जीएमध्ये (मणी फुगवायच्या संजीवकात) घड बुडवतो. तिथला मणी हरभऱ्याएवढा, साल जाड, आत बिया. आण्णांच्या मते "बाजारात आणला तर व्यापारी गाडीतनं उतरायचा न्हाई." पण वाइनला तसाच हवा. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त.

दुसरी, छाटणी. आपल्याकडे वर्षात दोन. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. तिथे थंडीत वेल झोपतो, पान गळतं, मग एकदाच छाटायचा. हे ऐकून आण्णा गप्प झाले. नंतर म्हणाले, "म्हंजी वेलालाबी सुट्टी मिळती तिकडं."

तिसरी, उंच खांबावर मोठे पंखे दिसले. आण्णांना वाटलं पवनचक्की. "ढालगावच्या मानानं लईच बुटकी रं." ते पंखे वसंतात कोवळ्या फुटीवर दव गोठू नये म्हणून. वरची ऊबदार हवा खाली ढकलतात.

ठिबकची नळी बघून मात्र आपल्या माणसाला भेटल्यासारखं केलं. वाकून ड्रिपर मोजले.

आता पैसे. नापातल्या कॅबर्ने सोविन्यॉन द्राक्षांना गेली काही वर्षं सरासरी टनाला आठ हजार डॉलरच्या वर भाव आहे. हे सांगितल्यावर आण्णांनी वहीच मागितली. ८३ रुपयांनी गुणलं, सहा लाख चौसष्ट हजार. चार किलोच्या पेटीला किती, हा त्यांचा पुढचा प्रश्न, कारण त्यांच्या डोक्यात भाव पेटीतच बसतो. टनाला अडीचशे पेट्या, म्हणजे पेटीला साडेसव्वीसशे. आम्हाला चांगल्या वर्षी तीनशे मिळाले तर पेढे वाटतो. आण्णांनी वही मिटली, पाणी मागितलं.


निफाडचा गारठा | १ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

आण्णांना नमस्कार सांगा, आम्ही पण बागवाले. दोन दुरुस्त्या.

१) अमेरिकेतला टन ९०७ किलोचा असतो. म्हणजे २२७ पेट्या. भाव पेटीला २,९०० च्या पुढे जातो. आण्णांना बसवून सांगा.

२) पण त्यांना एकरी माल पण सांगा. तिकडे चांगल्या कॅबर्नेला एकरी तीन-चार टन. मुद्दाम कमी ठेवतात. आपण बारा टन काढतो आणि तरी 'यंदा माल कमी' म्हणतो. शिवाय तिकडच्या बागेच्या एका एकराची किंमत काही लाख डॉलर आहे. व्याज धरलं तर आण्णा तासगावातच बरे.

पंख्याचं वाचून हसू आलं. आमच्याकडे डिसेंबरात पारा चार-पाचवर आला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो. तेच काम, फक्त धूर डोळ्यात जातो.

आणि नाशिकचा कॅलिफोर्नियाशी जुना संबंध आहे. राजीव सामंत तिकडेच शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, मग परत येऊन नाशिकला सुला ही वाइन कंपनी काढली. त्यांचे वाइनचे सल्लागार केरी डॅमस्की कॅलिफोर्नियाचेच. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्याआधी इथले लोक विचारायचे, एवढ्या आंबट द्राक्षाला गिऱ्हाईक कोण.


चौथा कोपरा | १ ऑक्टोबर, दुपारी १:४५

वा! आता कसा धागा वाटतोय.

एक प्रश्न. जमीन इतकी महाग, जवळ सॅन फ्रान्सिस्को. मग तिथे अजून टॉवर कसे उभे राहिले नाहीत? आपल्याकडे तर शहरापासून पन्नास किलोमीटरवर शेतात 'एनए प्लॉट, हप्त्याने' चे बोर्ड असतात.


फ्रीमाँटची माई | १ ऑक्टोबर, रात्री ९:२०

त्याचं उत्तर १९६८ साली आहे. नापा काउंटीने खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखीव केली, अमेरिकेत असं पहिल्यांदाच. आता खोऱ्यात चाळीस एकरांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. तेव्हा शेतकऱ्यांतच दोन तट होते, 'आमची जमीन, आम्ही विकू' म्हणणारे कमी नव्हते. मग १९७६ साली पॅरिसला नाव झाकून वाइन चाखायच्या त्या प्रसिद्ध चाचणीत नापाच्या वाइननी फ्रेंच वाइनना हरवलं. पांढऱ्या वाइनमध्ये जिंकलेली शातो माँटेलेना तर याच कॅलिस्टोगातली, किल्ल्यापासून जवळ. तीही दगडी, किल्ल्यासारखीच दिसते, पण एकोणिसाव्या शतकातली. गडफिरस्ता, तुम्ही आलात तर आधी तिथे नेते.


ओली_सुपारी | १ ऑक्टोबर, रात्री ११:००

माईंनी गडफिरस्त्यांना जेवायला बोलावलं म्हणायचं का हे? मी पण येतो. मी थुंकणार नाही.


बागवाला | २ ऑक्टोबर, रात्री १०:१५

निफाडचा गारठा, ९०७ किलोचं सांगितलं. आण्णा म्हणाले, "टन पन ल्हान करून ठिवलाय व्हय." वहीतला हिशोब खोडून नवा केला. एकरी चार टनाचं ऐकून मात्र त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

एक राहिलं होतं. नापात काही बागांच्या ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले दिसले. आईला वाटलं, शोभेला. जुना समज असा की गुलाबावर भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आधी दिसते, मग बागायतदार सावध होतो. आता बहुतेक ठिकाणी तो शोभेलाच असतो, औषधं नि हवामान केंद्रं आली. आण्णांनी काल फोन करून गड्याला सांगितलं, वरच्या तुकड्यात ओळीला एक गावठी गुलाब लाव. गडी म्हणाला, आण्णा, तिकडं काय खाल्लंसा का?

किल्ल्याबद्दल आण्णांचं मत विचारलंत तुम्ही काहींनी व्यनित (खासगी निरोपात). किल्ल्याबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. परतताना गाडीत एकदाच विचारलं, "चौदा वर्सं बांधत हुता म्हंतोस. तवर बाग कोन बघत हुतं?"

तळटीप: फेब्रुवारीत कोणी जाणार असेल तर सांगा. तेव्हा वेल उघडे असतात आणि ओळींमधून मोहरी पिवळीधमक फुललेली असते, नंतर ती नांगरून मातीत गाडतात. आण्णांना फोटो दाखवला तर म्हणाले, आपण ताग टाकतो तसंच. तो फोटो मला हवाय, त्यांच्या खोलीत लावायला.


विटकरी | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

माझ्याकडे आहे. मोहरी पुढे, किल्ला मागे. व्यनि करतो.


बागवाला | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

किल्ला कापलात तरी चालेल.